प्रश्न तुमचे : चौसष्ट घरांतले दाणे

मागच्या अंकात एका कोपऱ्यात बुद्धिबळाच्या पटाची जुनी गोष्ट दिली होती. पहिल्या घरात गव्हाचा एक दाणा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात चार, असं दुप्पट करत राजाने चौसष्ट घरं भरून द्यायची. एकूण दाणे १८४४६७४४०७३७०९५५१६१५. एवढ्याशा मजकुरावर जितकी पत्रं आली तितकी माझ्या भूमितीच्या अख्ख्या लेखमालेवर आली नव्हती. भूमितीच्या वतीने निषेध नोंदवते आणि या खेपेची सगळी जागा या एका संख्येला देते.

बाई, लातूरच्या मोंढ्यात आमची आडत आहे. तुमची ती संख्या आमच्या मुनीमजींना वाचता येईना आणि मलाही. ती वाचायची कशी, आणि क्विंटलमध्ये किती होते तेवढं सांगा. हमालीचा हिशेब मी लावतो.

उजवीकडचे तीन अंक सोडा आणि पुढे जोड्या पाडा : १,८४,४६,७४,४०,७३,७०,९५,५१,६१५. कोटीपर्यंत सगळ्यांची जीभ वळते. त्यापुढे भास्कराचार्यांना विचारू. ‘लीलावती’त (इ.स. ११५०) त्यांनी एक, दश, शत, सहस्र, अयुत, लक्ष, प्रयुत, कोटी, अर्बुद, अब्ज, खर्व, निखर्व, महापद्म, शंकू, जलधी, अंत्य, मध्य, परार्ध अशी अठरा स्थानं दिली आहेत. परार्ध म्हणजे एकावर सतरा शून्यं. आपली संख्या वीस अंकी, त्यामुळे यादी दोन स्थानं आधीच संपते आणि सगळ्यात वरच्या तीन अंकांना परार्धातच दाटीवाटीने बसावं लागतं. मुनीमजींना असं वाचायला सांगा : १८४ परार्ध, ४ मध्य, ६ अंत्य, ७ जलधी, ४ शंकू, ४ महापद्म, निखर्व शून्य, ७ खर्व, ३ अब्ज, ७ अर्बुद, कोटी शून्य, ९ प्रयुत, ५ लक्ष, ५ अयुत, १ सहस्र, ६ शत, १ दश, ५. एका दमात जमलं तर मुनीमजींचा पगार वाढवा.

आता वजन. गव्हाच्या हजार दाण्यांचं वजन जातीप्रमाणे कमीजास्त असतं. आपण ४० ग्रॅम धरू, म्हणजे किलोत २५ हजार दाणे. या भावाने पहिली एकवीस घरं भरली तरी जेमतेम ८४ किलो होतात. राजाला वाटलं असेल, एक पोतंसुद्धा धड भरत नाही. अर्धा पट, म्हणजे बत्तीस घरं संपली की १,७१८ क्विंटल. तेवढा माल तुमच्या मोंढ्याने नक्की पाहिलेला आहे. आणि पूर्ण पट? सुमारे ७ लाख ३८ हजार कोटी क्विंटल. सगळ्या जगात मिळून हल्ली वर्षाला साधारण ८०० कोटी क्विंटल गहू पिकतो, म्हणजे नऊशेहून अधिक वर्षांचं जगाचं पीक लागेल. हमालीचा आकडा मला कळवू नका.

बाई, मी नववीत आहे, चिपळूणला. सर म्हणाले या संख्येचे मूळ अवयव पाडून दाखव. पाच आणि तीन निघाले. पुढे कॅलक्युलेटरवर संख्या मावतच नाही. काय करू?

कॅलक्युलेटर बाजूला ठेव. तीन आणि पाचपर्यंत तू आलास ते शेवटचा अंक आणि अंकांची बेरीज पाहून. ते बरोबर आहे, पण त्या वाटेने पुढे जाता येणार नाही. संख्या कशी दिसते ते सोड, ती तयार कशी झाली ते बघ.

पटावर बाहेरून एक जादा दाणा आण आणि पहिल्या घरातल्या दाण्याजवळ ठेव. दोन झाले. दुसऱ्या घरातही दोनच आहेत, ते मिळवले की चार. तिसऱ्यात चार आहेत, मिळवले की आठ. ही रांग शेवटच्या घरापर्यंत अशीच जाते आणि एकूण होतात २ चा ६४ वा घात. म्हणजे आपली संख्या त्याहून बरोबर एकने कमी.

आता हा ६४ वा घात काढायचा कसा? चौसष्ट वेळा दोनने गुणत बसायचं कारण नाही. ‘लीलावती’तच गुणश्रेढीची (दरवेळी तितक्याच पटीने वाढणाऱ्या मालिकेची) रीत आहे : पदांची संख्या सम असेल तर निम्मी करा आणि ‘वर्ग’ असं लिहा, विषम असेल तर एक कमी करा आणि ‘गुणक’ असं लिहा, आणि शून्य उरेपर्यंत हेच करत जा. मग शेवटाकडून उलटं येत त्याप्रमाणे गुणायचं आणि वर्ग करायचे. ६४ तर निम्मं निम्मं होत थेट एकावर येतं, म्हणून इथे एक गुणक आणि सहा वर्ग पुरतात : २, ४, १६, २५६, ६५५३६, ४२९४९६७२९६, १८४४६७४४०७३७०९५५१६१६. शेवटचा वर्ग हाताने करून बघ. एका दुपारचं काम आहे आणि त्याने कुणाचं नुकसान झाल्याचं ऐकिवात नाही. साधारण इ.स. १००० च्या सुमारास अल बिरूनीनेही पटाची बेरीज अशीच वर्गावर वर्ग करून काढली होती आणि ती शेवटच्या अंकापर्यंत अचूक आहे.

(आमच्या चाळीसगावजवळ पाटण्याला भास्कराचार्यांच्या नातवाचा, चांगदेवाचा, शिलालेख आहे. आजोबांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून त्याने तिथे मठ काढला होता. सहल न्यायची असेल तर सरांना सुचव.)

आता ज्या शिडीने चढलो तिनेच उतरू. आठवीतली नित्य समानता आठव : वर्गातून एक वजा केला की (क − १) आणि (क + १) असे दोन अवयव पडतात. आपली संख्या म्हणजे ४२९४९६७२९६ च्या वर्गातून एक वजा. तेव्हा अवयव ४२९४९६७२९७ आणि ४२९४९६७२९५. यातला दुसरा पुन्हा ६५५३६ च्या वर्गातून एक वजा, म्हणजे ६५५३७ गुणिले ६५५३५. असं खाली येत गेलास की मिळतं :

३ × ५ × १७ × २५७ × ६५५३७ × ४२९४९६७२९७.

वीस अंकांची संख्या भागाकार न करता सहा तुकड्यांत मोकळी झाली. पहिले पाच तुकडे मूळ संख्या आहेत. सहाव्याने मात्र भल्याभल्यांना चकवलं. १६४० साली फर्मा या फ्रेंच न्यायाधीशाने (गणित हा त्याचा फावल्या वेळचा उद्योग) असं मत मांडलं की या साखळीतल्या सगळ्याच संख्या मूळ असाव्यात. त्यावर जवळजवळ शंभर वर्षं कुणाला काही म्हणता आलं नाही. १७३२ साली ऑयलर या स्विस गणितीने दाखवलं की ४२९४९६७२९७ ला ६४१ ने निःशेष भाग जातो.

६४१ सापडला कसा, हा खरा प्रश्न. ऑयलरनेच पुढे सिद्ध केलं की या तुकड्याचा कोणताही मूळ विभाजक ६४ च्या एखाद्या पटीपेक्षा एकने जास्त असलाच पाहिजे. एकोणिसाव्या शतकात एदुआर ल्युका या फ्रेंच गणितीने ते आणखी घट्ट केलं : ६४ नव्हे, १२८ ची पट अधिक एक. मग उमेदवार कोण? १२९, २५७, ३८५, ५१३, ६४१. पहिल्याला तीनने भाग जातो, तिसऱ्याला पाचने, चौथ्याला पुन्हा तीनने. राहिले २५७ आणि ६४१. पैकी २५७ तपासायचीही गरज नाही. आपला सहावा तुकडा म्हणजे आधीच्या पाचांचा गुणाकार अधिक दोन. २५७ ने त्या गुणाकाराला भाग जातो, तेव्हा इथे दोन बाकी उरणारच. म्हणजे पहिला खराखुरा भागाकार करायचा तो थेट ६४१ ने. कर. ६७००४१७ येईल.

भागाकार न करताही ६४१ पकडता येतो, आणि मला तो मार्ग जास्त आवडतो. ६४१ म्हणजे ५ × १२८ + १. आणि ६४१ म्हणजेच ६२५ + १६, अर्थात ५ चा चौथा घात अधिक २ चा चौथा घात. पहिल्या ओळीवरून, ६४१ ने भागताना ५ × १२८ ची किंमत उणे एक धरायची. तिचा चौथा घात केला की एक : म्हणजे ५ चा चौथा घात गुणिले २ चा २८ वा घात यांची किंमत एक. दुसऱ्या ओळीवरून ५ च्या चौथ्या घाताच्या जागी उणे २ चा चौथा घात ठेव. मग उणे २ चा ३२ वा घात बरोबर एक. दोन्ही बाजू एकत्र कर : २ चा ३२ वा घात अधिक एक बरोबर शून्य, म्हणजे बाकी काही उरत नाही. हे वहीत दोन वेळा लिही, पहिल्यांदा लिहिताना जादू वाटेल, दुसऱ्यांदा नाही.

६७००४१७ मूळ आहे का, हेही तूच ठरव. त्याचं वर्गमूळ २५८९ च्या आत आहे आणि विभाजकाला १२८ ची तीच अट लागू. तेवढ्यात बसणाऱ्या मूळ संख्या फक्त २५७, ६४१, ७६९, ११५३ आणि १४०९. २५७ बाद झालाच आहे. उरलेले चार भागाकार कर. बाकी अनुक्रमे ४४, १२०, ३३४ आणि ६२२ उरली पाहिजे. म्हणजे संख्या मूळ आहे आणि तुझं उत्तर पूर्ण झालं :

३ × ५ × १७ × २५७ × ६४१ × ६५५३७ × ६७००४१७.

सात वेगवेगळे मूळ अवयव, प्रत्येक एकदाच. प्रत्येकाला घ्यायचं किंवा सोडायचं, म्हणून एकूण विभाजक १२८.

कंपासपेटी जवळ असेल तर आणखी थोडं. पहिल्या पाच तुकड्यांतले हवे ते निवडून गुणलेस की जी संख्या येईल तितक्या बाजूंचा सुसम बहुभुज नुसती पट्टी आणि कंपास वापरून काढता येतो. सतरा बाजूंचा काढता येतो हे गाउसला १७९६ साली कळलं, तेव्हा तो अठरा वर्षांचा होता. पाचही गुणलेस की ४२९४९६७२९५ बाजू होतात, म्हणजे बरोबर अर्ध्या पटावरचे दाणे. काढायला बसू नकोस, प्रिलिम आहे.

काशीच्या देवळात सोन्याच्या चौसष्ट चकत्यांचा मनोरा आहे, पुजारी एकेक चकती हलवतात आणि सगळ्या हलवून झाल्या की जगाचा अंत होणार, असं वाचलं. तिथेही हीच संख्या आहे म्हणे. खरं का? — इंदूरचे एक वाचक

संख्या खरी, देऊळ नाही. मोठी चकती लहान चकतीवर ठेवायची नाही या अटीवर तीन खांबांमधून मनोरा हलवायचं हे खेळणं १८८३ साली फ्रान्समध्ये विकायला आलं. काढणारा वरचाच ल्युका, टोपणनावाने. काशीची गोष्ट त्याच सुमारास तिकडेच छापून आली. आपल्याकडच्या कुठल्या पुराणात शोधू नका.

संख्या तीच का, ते सोपं आहे. सगळ्यात खालची चकती हलवायच्या आधी वरच्या सगळ्या एका बाजूला न्याव्या लागतात आणि नंतर पुन्हा तिच्यावर आणाव्या लागतात. म्हणजे एक चकती वाढली की चाली दुप्पट अधिक एक : १, ३, ७, १५, आणि चौसष्टाव्या चकतीला आपले ओळखीचे वीस अंक. सेकंदाला एक चाल, विश्रांती नाही, चूक नाही, असं धरलं तर सुमारे ५८,४५४ कोटी वर्षं लागतात. विश्वाचं आत्तापर्यंतचं वय सुमारे १,३८० कोटी वर्षं आहे. तेव्हा यंदाचं तिकीट काढायला हरकत नाही.

मी पिंपरीत अकाउंट्स बघते. एक्सेलमध्ये २ चा ६४ वा घात काढून एक वजा केला तर १८४४६७४४०७३७०९६००००० दिसतं. एक वजा केला नाही तरी तेच दिसतं! एक्सेल चुकतं का?

दाखवताना एक्सेल पंधराच महत्त्वाचे अंक दाखवतं आणि पुढे शून्यं भरतं. पण तुमच्या दुसऱ्या निरीक्षणाचं कारण जास्त खोल आहे. एक्सेल प्रत्येक संख्या अपूर्णांकांसाठी बनवलेल्या साच्यात ठेवतं, आणि त्या साच्यात अंकांसाठी ५३ बिटांचीच (बिट म्हणजे शून्य किंवा एक मावेल एवढी जागा) सोय असते. ९००७१९९२५४७४०९९२, म्हणजे २ चा ५३ वा घात, इथपर्यंत प्रत्येक पूर्ण संख्या जशीच्या तशी मावते. पुढे संख्या ठेवायच्या गाळ्यांमधलं अंतर वाढत जातं. २ च्या ६४ व्या घाताच्या खालचा पहिला गाळा २०४८ ने दूर आहे. एक वजा केला तरी संख्या जवळच्या गाळ्यात, म्हणजे मूळ जागीच परत येते. वरच्या लातूरच्या आडत्यांच्या मापाने २०४८ दाणे म्हणजे साधारण ८२ ग्रॅम गहू. याच्या निम्म्यापर्यंतची, म्हणजे साधारण ४१ ग्रॅमची तूट एक्सेलच्या काट्यावर उमटतच नाही. सोळा अंकी खाते क्रमांक एक्सेलमध्ये टाकल्यावर शेवटी शून्य का होतो, ते तुम्हाला आता वेगळं सांगायला नको. त्या रकान्याला आधी टेक्स्ट करा.

पूर्ण संख्यांसाठी ६४ बिटांचा साचा असतो, त्यात ही अडचण नाही. तिथे ऋण संख्या नको असतील तर शून्यापासून नेमकं १८४४६७४४०७३७०९५५१६१५ पर्यंत मोजता येतं. पट काठोकाठ भरतो आणि एकही दाणा बाहेर पडत नाही.

याच कुळातली एक धाकटी संख्या तुमच्या कामात येईल. ‘लीलावती’त एक उदाहरण आहे : एकाने याचकाला पहिल्या दिवशी दोन कवड्या दिल्या आणि रोज दुप्पट द्यायचं कबूल केलं, तर महिन्यात किती निष्क (तेव्हाचं मोठं नाणं) झाले? उत्तर २१४७४८३६४६ कवड्या, म्हणजे १०४८५७ निष्क, ९ द्रम्म, ९ पण, २ काकिणी आणि ६ कवड्या. जुन्या संगणकांत ऋण संख्याही सामावणारा ३२ बिटांचा साचा २१४७४८३६४७ पर्यंत मोजतो, भास्कराचार्यांच्या उत्तरापेक्षा फक्त एक जास्त. १ जानेवारी १९७० पासूनचे सेकंद अशा साच्यात मोजणारी घड्याळं १९ जानेवारी २०३८ रोजी, आपल्या वेळेप्रमाणे सकाळी ८ वाजून ४४ मिनिटं ७ सेकंदांनी भरतील. ऑफिसात एखादं फार जुनं सॉफ्टवेअर अजून चालत असेल तर त्या दिवसाआधी कुणाला तरी विचारून ठेवा.

संख्येतल्या अंकांची बेरीज ८७, त्यांची १५, त्यांची ६. सहा हा शुक्राचा अंक. तेव्हा ही संख्या लाभदायक समजावी का? — नाशिकच्या एक वाचक

त्या राजाला विचारा. तो सहा म्हणजे संख्येला नऊने भागल्यावर उरणारी बाकी आहे, शुक्राने त्यात काही केलेलं नाही. उपयोग मात्र आहे : वीस अंक उतरवताना एखादा चुकला तर बहुतेक वेळा बाकी सहा येत नाही. शून्याच्या जागी नऊ किंवा नऊच्या जागी शून्य पडलं, किंवा दोन अंकांची अदलाबदल झाली, तर मात्र पत्ता लागत नाही.

राजाने हुशारी करून मध्येच पट बंद केला असता तर? कोणत्या घराला थांबल्यावर एकूण दाणे ही मूळ संख्या होते? — बेळगावचे एक निवृत्त शिक्षक

प्रश्न विचारणारे शिक्षक आहेत हे कळतं. घरांची संख्या संयुक्त असेल तर आशाच नको. सहा घरं म्हणजे ६३ दाणे, त्यांना दोन घरांच्या ३ ने आणि तीन घरांच्या ७ ने भाग जातो, आणि असं सगळीकडेच होतं. चौसष्ट तर संयुक्तांतला पाटील, त्याचे तुकडे वर पाहिलेच. घरांची संख्या मूळ असली म्हणजे काम झालं असंही नाही : अकरा घरांचे दाणे २०४७, म्हणजे २३ × ८९.

पटावर अशी नऊच घरं आहेत : २, ३, ५, ७, १३, १७, १९, ३१ आणि ६१. एकतिसाव्या घराला थांबलं की एकूण दाणे २१४७४८३६४७. हीच ती कवड्यांच्या शेजारची संख्या. ती मूळ आहे हे ऑयलरने १७७२ साली जाहीर केलं. एकसष्टाव्याला २३०५८४३००९२१३६९३९५१. ती मूळ आहे हे १८८३ साली इव्हान पेर्वुशिन या रशियातल्या धर्मगुरूने दाखवलं. गंमत अशी की मेर्सेन नावाच्या फ्रेंच भिक्षूने १६४४ साली अशा घातांकांची यादी दिली होती, तीत ६१ नव्हता आणि ६७ होता. ६७ घरांच्या संख्येचे अवयव १९०३ साली अमेरिकेत कोल यांनी दाखवले : १४७५७३९५२५८९६७६४१२९२७ = १९३७०७७२१ × ७६१८३८२५७२८७. पण सदुसष्ट घरांचा पट राजाकडेही नव्हता.